मोटारीच्या गिअरचे सैल सांधे



आज मोटारीच्या दुरुस्तीविषयीं बोलावयाचें मीं पत्करलें आहे, हें ऐकून माझे जुने विद्यार्थी घरोघरीं हंसत असतील. ज्या मास्तरानें आपल्याला त्रैराशिक आणि हस्तव्यवसाय शिकविला, तो उतारवयांत गाडीच्या पोटांत शिरला कीं काय, असें त्यांना वाटेल. त्यांचें हंसणें गैर नाहीं. मी यंत्रशास्त्राचा पदवीधर नव्हे. मॅट्रिक होऊन शिक्षकी पेशांत शिरलेला आणि आतां निवृत्त झालेला मनुष्य आहें. परंतु एखादी वस्तु आपल्यापाशीं पुष्कळ वर्षें असली आणि ती एके दिवशीं भर रस्त्यांत रुसून बसली, म्हणजे मनुष्य नाइलाजानें विद्यार्थी होतो. तसा मी झालों, आणि त्या शिक्षणाचा हिशेब आज आपणांपुढें मांडीत आहें.

माझी गाडी प्रीमिअर पद्मिनी, १९८४ सालची. मीं ती १९९१ सालीं जुनी म्हणून विकत घेतली. या गाडीची कुळकथा थोडक्यांत सांगतों. शेठ वालचंद हिराचंद यांनीं १९४४ सालीं प्रीमिअर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन केली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यांत पुढें इटलीच्या फिआट कंपनीच्या नमुन्यावरून गाड्या बनूं लागल्या. फिआटची ११०० ही गाडी इटलींत १९५३ सालीं निघाली. तिचेंच सुधारलेलें रूप आपल्याकडे १९६४ पासून बनूं लागलें आणि १९७४ पासून त्याला पद्मिनी हें नांव मिळालें. पुढें २००० सालच्या सुमारास ती बनावयाची थांबली. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणजे हीच गाडी, असें समीकरण कित्येक वर्षें होतें. तेथें टॅक्सीला वीस वर्षांची वयोमर्यादा असल्यामुळें, २००३ च्या ऑक्टोबरांत नोंदलेली शेवटची पद्मिनी २०२३ च्या ऑक्टोबरअखेर रस्त्यावरून निवृत्त झाली. खाजगी गाड्या मात्र अद्याप कोठें कोठें आहेत. माझी त्यांपैकीं एक.

या गाडीची एक विशेष गोष्ट अशी कीं, तिचा गिअर बदलण्याचा दांडा आजच्या गाड्यांप्रमाणें दोन बैठकांच्या मध्यें जमिनींतून वर आलेला नसून स्टिअरिंगच्या खांबाला, चाकाच्या खालीं, डाव्या अंगास बसविलेला असतो. शेवटच्या काळांतील कांहीं गाड्यांत तो जमिनीवर आला. परंतु जुन्या पद्मिनीची ओळख म्हणजे खांबावरचा दांडाच. यांत निर्मात्यांची एक सोय होती. पायाजवळची जागा मोकळी राहते, आणि पुढची बैठक एखाद्या बाकाप्रमाणें सलग ठेवतां येते. ही सोय आमच्या घरीं चैनीची नसून गरजेची आहे. माझ्या मातोश्री आतां नव्वदीच्या घरांत आहेत, आणि त्यांचे गुडघे वांकत नाहींत. हल्लींच्या खोलगट बैठकांत त्यांना बसवणें म्हणजे दोघांचें काम. पद्मिनीच्या बाकावर मात्र त्या दाराशीं पाठ करून बसतात आणि हळू हळू सरकत आंत येतात. गाडी गेली तर त्यांचें बाहेर जाणेंही जवळजवळ गेलें, ही गोष्ट पुढच्या सर्व हकीकतीच्या मुळाशीं आहे.

तीन वर्षांपूर्वीं मातोश्रींना घेऊन मी पुण्याहून सासवडला निघालों होतों. दिवे घाटांत एका वळणावर पुढची मालमोटार थांबली, म्हणून मीही थांबलों. ती पुढें सरकली तेव्हां पहिला गिअर घालावयास गेलों, तों दांडा अडकला. वर जाईना, खालीं येईना, पुढें-मागेंही होईना. क्लच दाबून पाहिला, इंजिन बंद करून पाहिलें, व्यर्थ. मागें एस. टी. उभी राहिली आणि तिच्यामागें रांग लागली. हातब्रेक ओढला, खालीं उतरून चाकामागें दगड लावला आणि शेजारीं बसलेल्या मातोश्रींचा चेहरा पाहिला. त्या कांहीं बोलल्या नाहींत; पण त्यांनीं दाराची मूठ धरून ठेविली होती.

इतक्यांत मागच्या एका मालमोटारीचा वयस्क चालक पुढें आला. त्यानें काय झालें हें विचारलें, गाडीचें बॉनेट उघडलें आणि स्टिअरिंगच्या खांबाच्या तळाशीं हात घालून दोन लहान लोखंडी तरफा एकामागून एक ढकलल्या. ‘खट्’ असा आवाज झाला. “बसा आतां,” तो म्हणाला, “आणि काका, पेटी चांगली हाय तुमची. हे सांधे म्हातारे झाल्यात.” मी त्याचें नांव विचारण्यापूर्वीं तो निघूनही गेला. परंतु त्याचें तें एक वाक्य मीं गांठीं मारून ठेवलें, आणि तेंच माझ्या आजच्या भाषणाचें सूत्र आहे.

दुसऱ्या दिवशीं मीं गाडी शहरांतील एका गॅरेजांत नेली. तेथें गाडी पांच मिनिटें पाहून मला सांगण्यांत आलें कीं, गिअरबॉक्स गेला. तो उतरवून दुसरा बसवावा लागेल, आणि जुन्या गाडीचा चांगला गिअरबॉक्स मिळेलच याचा नेम नाहीं. खर्चाचा आंकडा माझ्या दोन महिन्यांच्या निवृत्तिवेतनाहून अधिक होता. चिरंजीव म्हणाले, “बाबा, आतां भंगारांत देऊन टाका.” त्यांचें म्हणणें व्यवहाराचें होतें. पण गिअरबॉक्स खरोखरच गेला असता, तर नुसत्या हाताच्या ढकलण्यानें गाडी त्याच दिवशीं सासवडला जाऊन परत कशी आली? या एका प्रश्नाचें उत्तर गॅरेजवाल्यांनीं दिलें नाहीं. म्हणून तें मीं शोधावयाचें ठरविलें.

तें समजण्यासाठीं आपण प्रथम दांड्याचें काम पाहूं. चालकाच्या हातांतील दांडा दोन प्रकारें हलतो. तो चालकाकडे ओढतां येतो किंवा दूर लोटतां येतो. ही पहिली हालचाल. तो वर किंवा खालीं फिरवितां येतो, ही दुसरी. पहिल्या हालचालीनें आपण ओळ निवडतों, म्हणजे पहिला-दुसरा यांची ओळ, कीं तिसरा-चौथा यांची, कीं मागें जाण्याच्या गिअरची. दुसऱ्या हालचालीनें त्या ओळींतील गिअर प्रत्यक्ष गुंततो. वाचनालयांत आधीं कपाट ठरवावें आणि मग त्यांतील पुस्तक काढावें, तसाच हा क्रम आहे.

या दोन हालचाली खांबाला समांतर असलेल्या एका दांड्यानें खालीं इंजिनाच्या बाजूला पोंचतात. तेथें दोन तरफा असतात, आणि त्यांना जोडलेल्या सळया गिअरबॉक्सच्या अंगावरील तरफांपर्यंत जातात. प्रत्येक जोडावर एक पिन, तिच्याभोंवतीं रबराचा, नायलॉनचा किंवा पितळेचा बुश, वर वॉशर आणि ती निसटूं नये म्हणून दुहेरी तारेची स्प्लिट पिन, असा थाट असतो. गिअरबॉक्सच्या आंत तीन दांड्या शेजारीं शेजारीं असतात. प्रत्येकीला एक खांच असते, आणि एक पोलादी बोट या खांचांपैकीं जी निवडली जाईल तिच्यांत शिरून ती दांडी पुढें किंवा मागें सारतें. एका वेळीं दोन गिअर गुंतले तर दांते मोडतील. म्हणून दोन दांड्या एकदम हलूं नयेत अशी अटकाव-व्यवस्था आंतच केलेली असते.

आतां माझ्या घाटांतील संकटाचा उलगडा होतो. आंतलें बोट एका खांचेंत पुरतें न शिरतां दोन खांचांच्या मध्यें राहिलें कीं, तें दोन्ही दांड्यांना एकदम ढकलूं पाहतें. अटकाव-व्यवस्था तें होऊं देत नाहीं, आणि दांडा दगडासारखा घट्ट बसतो. म्हणजे गिअरबॉक्सनें आपलें रक्षणाचें काम चोख केलें होतें. आपण मात्र त्यालाच अपराधी ठरवीत होतों.

बोट मध्येंच कां राहतें? येथें माझें जुनें अंकगणित उपयोगीं पडलें. समजा, दांड्यापासून पेटीपर्यंत पांच सांधे आहेत आणि प्रत्येक सांध्यांत झीज होऊन अर्धा मिलिमीटर मोकळीक आली आहे. अर्धा मिलिमीटर म्हणजे कांहींच नव्हे. डोळ्यांना तो दिसतही नाहीं. परंतु पांच सांध्यांचा मिळून अडीच मिलिमीटर होतो. एका ओळींतून दुसरींत जावयास बोटाला आठ मिलिमीटर सरकावें लागतें असें धरलें, तर त्यांतील अडीच वाऱ्यावर जातात आणि साडेपांचच पदरांत पडतात. बोट अर्ध्या वाटेवर थांबतें. उलट बाजूनें पाहिल्यास, हाताकडील दांडा वीस सेंटिमीटर व खालची तरफ पांच सेंटिमीटर असेल, तर खालचा अडीच मिलिमीटरचा सैलपणा हातापाशीं चौपट होऊन एक सेंटिमीटर भरतो. दांडा लोंबूं लागला आहे, असें जें आपण म्हणतों तें हेंच. कोणताही एक सांधा इतका वाईट नसतो कीं त्याला दोष द्यावा. सर्वांचा थोडा थोडा दोष मिळून गाडी अडते.

दोष कोठें आहे हें ओळखण्यासाठीं तीन परीक्षा पुरतात. पहिली: गाडी सपाट जागीं उभी करून, हातब्रेक ओढून, इंजिन बंद ठेवून सर्व गिअर घालून पाहावे. इंजिन बंद असतां ते सुरळीत पडतात आणि चालू केल्यावर कुरकुरतात किंवा पडत नाहींत, तर दोष बहुधा क्लच पुरता सुटत नसल्याचा असतो. सांध्यांना हात लावूं नये. दुसरी: इंजिन बंद असतांच एकानें आंत बसून दांडा हळू हळू हलवावा आणि दुसऱ्यानें बॉनेट उघडून, विजेरीच्या उजेडांत, एकेका सांध्याकडे पाहावें. पिन आधीं हलते आणि तरफ मागाहून, असें जेथें दिसेल तेथें झीज आहे. तिसरी, आणि निर्णायक: सळया गिअरबॉक्सकडील टोंकाला सोडवाव्या आणि पेटीवरील तरफा हातानें हलवाव्या. त्या प्रत्येक जागीं ‘टक्’ असा स्पष्ट ठेका देऊन बसल्या, तर अडकण्याचा दोष पेटीबाहेर आहे. हातानेंही त्या अडल्या, तर मात्र पेटी उघडणाराकडे जाणें भाग आहे. माझ्या गाडींत सर्व ठेके शाळेच्या घंटेसारखे स्वच्छ पडले. त्या क्षणीं झालेला आनंद मी आपणांस सांगूं शकत नाहीं.

आणखी एका ठिकाणाकडे अवश्य पाहावें. स्टिअरिंगचा खांब गाडीच्या सांगाड्याला पक्का असतो. इंजिन आणि गिअरबॉक्स मात्र रबरी बैठकांवर टेकलेले असतात. हीं रबरें चिरलीं किंवा दबलीं कीं, गाडीनें जोर घेतांच इंजिन कलतें, पेटी त्याच्याबरोबर सरकते आणि सळया आपोआप ओढल्या जातात. मग सांधे नवे असूनही गिअर अडतो किंवा निसटतो. घराचा पाया खचला असतां दारें अडकूं लागलीं म्हणून सुतारास बोलवावें, तसें तें होईल.

आतां प्रत्यक्ष काम. इंजिन पूर्ण थंड होऊं द्यावें, कारण धूर जाण्याची नळी जवळच असते. बॅटरीची एक तार सोडवावी. चाकांना पुढून-मागून अडणी लावावी. गाडीखालीं शिरावयाचें असेल तर ती केवळ जॅकवर किंवा विटांवर कधींही ठेवूं नये; पक्के लोखंडी स्टँड लावावे. ह्या सूचनेचा कंटाळा येऊं देऊं नका. सांधा आज ना उद्यां दुरुस्त होईल, पण मनुष्य होईलच असें नाहीं. तसेंच, याच परिसरांत स्टिअरिंगचे सांधेही असतात. त्यांना अर्धवट ज्ञानानें हात लावूं नये.

प्रथम जोडांची स्थिति कागदावर काढून घ्यावी, आणि सळईवर नट कोठपर्यंत फिरलेला आहे तेथें रंगाची खूण करावी. मग स्प्लिट पिन सरळ करून काढावी, वॉशर काढावे आणि सांधा सोडवावा. एका वेळीं एकच सांधा सोडवावा व त्याचे भाग एका वाटींत ठेवावे. पिन डिझेलनें धुऊन बोटानें चाचपावी. मध्यें खोबण लागली, तर ती झिजली आहे. बुशाचें भोंक गोल आहे कीं अंड्यासारखें लांबट झालें आहे, हें उजेडाकडे धरून पाहावें. माझ्या पांच सांध्यांपैकीं तिहींचे बुश लांबट झाले होते, आणि एका ठिकाणीं बुश मुळींच नव्हता. कोणीतरी सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळून वेळ मारून नेली होती.

दोन बुश मला नाना पेठेंतील दुकानांत मिळाले. उरलेले पिनेच्या मापावरून एका कारागिरानें लेथवर पितळेचे उतरवून दिले. माप हातीं मोघम न देतां व्हर्निअरनें घ्यावें. बुश पिनेवर सहज फिरावा, पण डुगडुगूं नये. पितळी बुशाला थोडें ग्रीस द्यावें; रबरी बुशाला साधें ग्रीस किंवा डिझेल लावूं नये, त्यानें रबर फुगतें आणि सडतें. झिजलेल्या पिनेवर नवा बुश बसवूं नये. स्प्लिट पिन मात्र नेहमीं नवीन घालावी. वांकवून सरळ केलेली तार पुन्हां वांकविली कीं मोडते, आणि दोन-चार रुपयांच्या बचतीसाठीं सळई भर रस्त्यांत गळून पडते.

शेवटचें काम जुळवणीचें. पेटीवरील तरफा न्यूट्रलमध्यें ठेवाव्या, वर दांडाही न्यूट्रलमध्यें ठेवावा, आणि मग सळईचें टोंक फिरवून तिची लांबी अशी करावी कीं पिन दोन बोटांनीं सहज आंत जाईल. हातोडीची गरज भासली तर लांबी चुकली असें समजावें. लॉकनट घट्ट करावा. नंतर इंजिन बंद ठेवूनच प्रत्येक गिअर दहा-दहा वेळां घालून पाहावा. गिअर पुरता बसल्यावरही दांड्याला थोडा पुढें जावयास वाव राहिला पाहिजे. दांडा आधीं आपल्या टोंकाला टेकला, तर पेटींतला गिअर अर्धाच गुंतला असण्याचा संभव असतो, आणि असा गिअर जोर पडतांच सुटतो.

येथें माझी एक चूक कबूल करतों. प्रथम मीं बुश न बदलतां नुसती सळईची लांबीच बदलली होती. दांडा त्या दिवशीं उत्तम चालला, आणि मी घरांत मोठ्या दिमाखानें वावरलों. आठव्या दिवशीं तो पुन्हां अडला, तोही आमच्याच गल्लींत. कारण सैलपणा तसाच होता. मीं फक्त तो एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे लोटला होता. विद्यार्थ्यानें उत्तर पाहून रीत लिहावी, तसला तो प्रकार. पाटीवर असा प्रकार पाहिला असता, तर मीं त्या मुलाला तें उदाहरण पुन्हां करावयास लाविलें असतें. म्हणून मीही तें पुन्हां केलें.

प्रवासांत दांडा अडलाच, तर घाबरून त्यावर जोर करूं नये; जोरानें तरफा वांकतात आणि खरोखरीचा खर्च ओढवतो. हातब्रेक ओढावा, चाकाला दगड लावावा, इंजिन बंद करावें, आणि मगच बॉनेट उघडून खालच्या दोन्ही तरफा एकामागून एक न्यूट्रलमध्यें आणाव्या. चालू इंजिनाच्या पंख्याजवळ हात नेऊं नये. ही तात्पुरती युक्ति झाली. ती एकदां करावी लागली म्हणजे सांध्यांनीं आपणांस पहिली नोटीस दिली, असें मानावें.

माझा एकंदर खर्च गॅरेजनें सांगितलेल्या रकमेच्या विसाव्या हिश्श्याहूनही कमी आला. दोन रविवार मात्र लागले. गॅरेजवाल्यांनीं मला फसविलें असें मी म्हणत नाहीं. जुन्या वस्तूंत कांहीं बिघडलें कीं, तिचें काळीजच गेलें असें आपणां सर्वांनाच चटकन् वाटतें, आणि झिजलेलें बहुधा एखादें लहानसें, स्वस्त, नजरेआड राहिलेलें जोडकाम असतें. म्हणून पेटी उघडण्यापूर्वीं सांधे पाहावे, इतकेंच माझें सांगणें.

काम पुरें झाल्यावर आम्हीं पुन्हां सासवडचा रस्ता धरला. घाटांतील त्याच वळणावर गाडी मुद्दाम थांबविली, पहिला गिअर घातला. तो टक् करून बसला. मातोश्री बाकावर शेजारींच होत्या. त्यांनीं दाराची मूठ सोडली आणि म्हणाल्या, “झालं ना रे तुझं? मग चल आतां, ऊन होईल.”